मागणीनुसार घडवून घेतलेला रेंजफाइंडर कॅमेरा : आधी डोळा, मग कातडे

लानकाठी

नमस्कार. लायका कंपनीकडून मागणीनुसार घडवून घेतलेल्या फिल्म कॅमेऱ्याविषयी इथे अधूनमधून विचारणा होते आणि ती बहुतेक वेळा रंग, कातडे आणि कोरीव अक्षरे यांच्याभोवतीच फिरते. असा एक कॅमेरा माझ्याकडे २००९ पासून आहे आणि तो मी सतत वापरत आलो आहे. मागणी नोंदवताना ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त विचार करायला हवा होता, तिचा मी सर्वांत कमी विचार केला. ते सविस्तर सांगावे म्हणून हा धागा काढत आहे.

मी जर्मनीत हेसेन प्रांतात राहतो. लायकाचे मूळ गाव वेट्झलार याच प्रांतात लान नदीच्या काठी आहे, मात्र त्या काळी कारखाना शेजारच्या झोल्म्स गावी होता; तो वेट्झलारला २०१४ मध्ये परत आला. 'आ ला कार्त' ही योजना कंपनीने २००४ मध्ये सुरू केली होती. खाणावळीच्या पत्रकातून एकेक पदार्थ निवडून ताट मांडून घ्यावे, तसा एम७ किंवा एमपी हा कॅमेरा आपल्या निवडीप्रमाणे बांधून घेता येत असे. वरच्या झाकणाचा मुलामा रुपेरी हवा, काळा हवा की काळा रंग लावलेला हवा, रोल पुढे सरकवण्याची तरफ सलग धातूची हवी की टोकाला प्लास्टिक असलेली, रोल परत गुंडाळण्यासाठी जुन्या पद्धतीची उभी मूठ हवी की तिरपा दांडा, अंगाला कोणते कातडे हवे, हे सर्व आपण ठरवायचे. आता ही योजना त्या रूपात चालू नाही, पण तसे कॅमेरे जुन्या बाजारात येत असतात. शिवाय ज्या निवडीविषयी मी पुढे लिहिणार आहे ती लायकाचाच तयार मिळणारा साधा एम६ टीटीएल घेणाऱ्यालाही करावीच लागते.

ती निवड म्हणजे व्ह्यूफाइंडरचे वर्धन, म्हणजे पाहण्याच्या खिडकीतून दृश्य प्रत्यक्षाच्या किती पट दिसते तो आकडा. माझ्या वेळी ०.५८, ०.७२ आणि ०.८५ असे तीन पर्याय होते.

ज्यांनी रेंजफाइंडर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच पाहतो. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्सला पूर्णपणे वगळून शेजारच्या एका खिडकीतून पाहतो आणि त्या दृश्यात उजळ रेघांची एक चौकट तरंगताना दिसते. फोटोत जे येणार ते त्या चौकटीच्या आत असते. दृश्याच्या मधोमध एक लहानसा उजळ चौकोन असतो, त्यात दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा पडते. लेन्सचे कडे फिरवले की ती प्रतिमा आडवी सरकते आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस झाला असे समजायचे. या दोन खिडक्यांमधले अंतर ६९.२५ मिलिमीटर असते. त्याला वर्धनाने गुणले की फोकस मोजण्याचा प्रत्यक्ष पाया मिळतो. ०.५८ ला तो सुमारे ४० मिलिमीटर, ०.७२ ला ५० आणि ०.८५ ला ५९ मिलिमीटर भरतो. पाया जितका रुंद, तितके फोकस अधिक बिनचूक.

आता दुसरी बाजू. वर्धन वाढले की दृश्य मोठे दिसते, आणि दृश्य मोठे झाले की रुंद लेन्सची चौकट खिडकीत मावेनाशी होते. ०.७२ मध्ये २८ पासून १३५ मिलिमीटरपर्यंतच्या लेन्सच्या सहा चौकटी असतात (आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद), त्या दोन-दोनच्या जोडीने दिसतात. ०.८५ मध्ये २८ ची चौकट नसतेच आणि ३५ ची चौकट अगदी कडेला टेकलेली असते. ०.५८ मध्ये २८ ऐसपैस दिसते, पण १३५ ची चौकट गळालेली असते. थोडक्यात, पुढची पंधरा-वीस वर्षे आपण कोणत्या लेन्सने जग पाहणार हे या एका आकड्याने ठरते.

मागणी नोंदवायला गेलो तो दिवस मला स्पष्ट आठवतो. विक्रेत्याने लाकडी तबकात कातड्याचे नमुने मांडले होते. प्रत्येक तुकडा काड्यापेटीएवढा होता. त्यात गुळगुळीत वासराचे कातडे होते, शहामृगाच्या पिसांची भोके दिसतात तसे ठिपके असलेले एक होते आणि जुन्या कॅमेऱ्यांवर असायचे तसे खरबरीत काळे आवरणही होते. ते नमुने मी खिडकीशी नेऊन पाहिले, घामेजलेल्या बोटांनी घट्ट धरून पाहिले. त्यात जवळपास दोन तास गेले. व्ह्यूफाइंडरचा रकाना भरायला मात्र पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या वेळी माझ्याकडे ५० मिलिमीटरची एकच लेन्स होती, ५० ला ०.८५ उत्तम असे सगळे सांगत होते, म्हणून मी ०.८५ वर खूण केली.

वरच्या झाकणावर आपली सही कोरून घेण्याचीही सोय होती. माझ्या वडिलांकडे आग्फा क्लिक-३ होता, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो देणारा. फोटोग्राफीशी माझी ओळख त्याच कॅमेऱ्याने करून दिली. त्यांची सही कोरावी असे माझ्या मनात होते. फोनवर त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "फोटोच्या पाठीमागे नाव आणि तारीख लिहीत जा. कॅमेऱ्यावर कशाला?" मी झाकण कोरे ठेवले आणि त्या निर्णयाचा मला आजही आनंद वाटतो.

कॅमेरा हातात आल्यानंतर पहिल्याच सुट्टीत चिपळूणला गेलो. आजी माजघराच्या उंबऱ्याशी बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होती. उजेड फक्त मागच्या दारातून येत होता. लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे छिद्र २ वर, शटर सेकंदाच्या एक तीसांशावर, आणि अंतर लेन्सला जमेल तेवढे कमी, म्हणजे ०.७ मीटर. इतक्या जवळ फोकसची जाडी बोटभरही नसते. त्या उजळ चौकोनात अडकित्त्याचे पाते दुहेरी दिसत होते, जणू दोन अडकित्ते एकमेकांपासून सुतभर अंतरावर धरले आहेत. कडे हळूहळू फिरवत गेलो तसे दुसरे पाते पहिल्याकडे सरकत आले आणि एका क्षणी तिथे एकच लखलखीत धार उरली. मी खटका दाबला. त्या निगेटिव्हचा मोठा प्रिंट काढला तेव्हा पात्यावरचे बारीक ओरखडेही मोजता आले. त्या दिवशी ०.८५ ने मला जे दिले ते ०.५८ ने दिले असते असे मला वाटत नाही.

पण २०१६ मध्ये मला चष्मा लागला आणि त्याच सुमारास ३५ ची लेन्स आली. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून थोडा मागे राहतो आणि तेवढ्यानेच ३५ च्या चौकटीच्या दोन्ही उभ्या कडा दिसेनाशा होतात. त्यानंतरच्या वर्षी आषाढी वारीत दिवे घाटात एका दिंडीचे फोटो काढले. रोल धुतल्यावर पाहिले तर ज्याच्यासाठी खटका दाबला होता तो वीणेकरी डाव्या कडेला अर्धा कापला गेला होता. तो फोटो घेताना मी चौकट पाहिलीच नव्हती, ती कुठे असेल याचा अंदाज केला होता. म्हणून ज्यांना अशी निवड करायची आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कातड्याचे तबक बाजूला ठेवून, चष्मा लावून, तिन्ही व्ह्यूफाइंडरमधून किमान अर्धा तास पाहावे.

---

काळापांढरा

लेख फार मनापासून लिहिला आहे, धन्यवाद. माझ्याकडे एम३ आहे, त्यामुळे एक भर घालतो. १९५४ साली एम३ आला तेव्हा त्याचे वर्धन ०.९१ होते आणि चौकटी ५०, ९० आणि १३५ एवढ्याच होत्या. ३५ ची लेन्स लावायची तर त्या लेन्सवरच वेगळा 'चष्मा' बसवलेला असे. पुढे कंपनीने एम२ काढला तो ०.७२ चा आणि त्यात ३५ ची चौकट आली. आपण ज्या पेचात सापडलात तो पेच कंपनीसमोरही होता आणि त्यांनी तो दोन वेगळे कॅमेरे काढून सोडवला. ०.७२ हे वर्धन नंतर इतकी वर्षे टिकून राहिले यातच काय ते आले.

माझा एक प्रश्न आहे. खिडकीवर नंबराची काच बसवून, चष्मा काढून पाहिले तर ३५ ची चौकट दिसत नाही का?

---

लानकाठी

दिसते. खिडकीवर पेचाने बसणाऱ्या नंबराच्या काचा मिळतात, उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत. मी एक वर्षभर तशी काच वापरली. दूरचे नीट दिसू लागले, चौकटीच्या कडाही दिसू लागल्या. परंतु चष्मा कपाळावर चढवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा खाली आणायचा आणि मग शटरचा आकडा वाचायचा, या धांदलीत प्रसंग निघून जातो. शिवाय माझ्या डोळ्यांत सिलिंडरचा नंबर आहे आणि तो या साध्या काचांनी सुटत नाही.

याच्याच उलट बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती कदाचित सर्वांत महत्त्वाची आहे. खिडकीवर बसवायचे वर्धक भिंगही मिळते. त्यातले १.२५ पटीचे भिंग ०.७२ वर लावले की ०.९० होते, म्हणजे जवळजवळ एम३. जेव्हा ५० किंवा ९० ची लेन्स उघडी ठेवून वापरायची असेल तेव्हा ते लावावे, एरवी खिशात ठेवावे. ०.८५ चे ०.७२ करून देणारे भिंग मात्र मला कुणीही दाखवू शकले नाही. कमी असलेले वाढवता येते, वाढलेले कमी करता येत नाही. हे मला २००९ मध्ये कुणी सांगितले असते तर मी डोळे मिटून ०.७२ घेतला असता.

---

बंदरावरचा

मी रत्नागिरीला राहतो, त्यामुळे कातड्याच्या मुद्द्याकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांवर, कमरेच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते, हे कोकणात कुणालाही सांगावे लागत नाही. वासराच्या कातड्याने मढवलेला कॅमेरा त्याच कपाटात ठेवला तर त्याला वेगळी वागणूक मिळत नाही. माझ्या एका स्नेह्यांच्या कॅमेऱ्यावर सुंदर तपकिरी कातडे होते. दोन पावसाळ्यांनंतर ते शिवणीसारख्या कडेने उचकटू लागले आणि आत गोंदाचा काळा चिकटा राहिला. खरबरीत काळे आवरण या बाबतीत खूपच सोशिक असते.

त्याहून मोठी काळजी लेन्सची असते. बुरशीचे धागे काचेवर एकदा पसरले की वरचा लेप कायमचा कोरला जाण्याची भीती असते. मी कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो आणि सोबत निळ्या सिलिका जेलची पुडी ठेवतो. दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले असे समजून मंद आचेवर तव्यात पुन्हा निळे होईपर्यंत तापवतो. तो तवा वेगळा ठेवला आहे, तो स्वयंपाकाला वापरत नाही. जेवढे दिवस ऊन पडते तेवढे दिवस लेन्स बाहेर काढून वापरणे हाही मोठा उपाय आहे. डब्यात बंद राहिलेल्या लेन्सपेक्षा रोज वापरातली लेन्स मी जास्त निरोगी पाहिली आहे.

---

लानकाठी

हे फार मोलाचे लिहिलेत. तबकापुढे दोन तास घालवून शेवटी मी खरबरीत काळे आवरणच निवडले होते, पण ते केवळ पकड चांगली म्हणून. कोकणातल्या ओलाव्याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता आणि शिवायला हवा होता, कारण कॅमेरा दरवर्षी चिपळूणलाच येणार हे मला ठाऊक होते. जाणकारांना विचारून मागणी नोंदवणे म्हणजे काय, ते आता कळते आहे.

झाकणाला मी काळा रंग निवडला होता. त्याखाली पितळ आहे. पंधरा वर्षांत तरफेजवळ आणि जिथे पट्टा घासतो त्या कोपऱ्यांवर रंग झिजून पितळ पिवळे दिसू लागले आहे. ज्यांना कॅमेरा नव्यासारखा राहावा असे वाटते त्यांनी रुपेरी मुलामा घ्यावा. तो खूपच चिवट असतो.

---

झोर्की_चार

मी नम्रपणे एक वेगळे मत मांडतो. माझ्याकडे सोव्हिएत बनावटीचा झोर्की-४ आहे आणि एक जपानी बेसा आर३ए आहे. बेसाचे वर्धन बरोबर १ आहे, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले की समोरचे जग जसेच्या तसे राहते आणि त्यावर फक्त चौकट तरंगते. त्यात ४० मिलिमीटरची चौकट आहे, जी लायकाच्या कुठल्याही एमपीत नाही. मला जे हवे होते ते मला तयार मालात, फार कमी पैशांत मिळाले. मग मागणी नोंदवून महिनोनमहिने थांबायचे आणि एवढा खर्च करायचा, याचे कारण मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

---

लानकाठी

प्रश्न रास्त आहे. बेसाचा १ वर्धनाचा व्ह्यूफाइंडर मी पाहिला आहे आणि तो अतिशय सुंदर आहे यात शंका नाही. पैशांच्या हिशेबात मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

माझ्यापुरते कारण असे की माझा एमपी पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी फक्त प्रकाश मोजण्यासाठी लागते. ती संपली तरी एक सेकंदापासून एक हजारांशापर्यंत सगळे वेग चालतात. आर३ए चे शटर बॅटरीवर अवलंबून आहे. बेसाचाच यांत्रिक भाऊ आर३एम हा त्याला चांगला पर्याय आहे, हेही सांगायला हवे. दुसरे कारण पायाच्या रुंदीचे. बेसाच्या दोन खिडक्या एकमेकींच्या बऱ्याच जवळ आहेत, त्यामुळे वर्धन १ असूनही प्रत्यक्ष पाया माझ्या कॅमेऱ्यापेक्षा अरुंदच राहतो. ४० च्या लेन्सला तो पुरतो. आजीच्या अडकित्त्यासाठी, २ च्या छिद्रावर, मला रुंद पाया हवा होता.

आणि थांबण्याविषयी म्हणाल, तर ते थांबणे मला जड गेले नाही. त्या काळात मी ५० ची लेन्स एका उसन्या कॅमेऱ्यावर लावून एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे पुष्कळ रोल काढले आणि स्वयंपाकघरात धुतले.

---

अंधारखोली

रेंजफाइंडर घेणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट शिकून ठेवावी असे मला वाटते, ती म्हणजे जुळणी तपासणे. माझा कॅमेरा प्रवासात एकदा बाकावरून पडला. वरून ओरखडासुद्धा नव्हता. पुढचे चार रोल मी तसेच काढले आणि सगळ्या चेहऱ्यांवर फोकस कानाच्या मागे गेलेला निघाला. तो माझ्या बहिणीच्या मुलीच्या बारशाचा प्रसंग होता आणि ते फोटो परत घेता येणारे नव्हते. दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडे दिला त्यांनी लांबचे अंतर जुळवून दिले, पण जवळचे तपासलेच नाही. शिवाय पुढचे आवरण उचकटून पुन्हा चिकटवले, ते एका कोपऱ्यात आजही फुगलेले आहे. मला त्याचे फार वाईट वाटले होते.

तेव्हापासून मी दर दोन-तीन महिन्यांनी चंद्र पाहते. लेन्स अनंतावर ठेवायची आणि व्ह्यूफाइंडरच्या मधल्या चौकोनात चंद्र आणायचा. एकच चंद्र दिसला तर लांबची जुळणी ठीक आहे. शेजारी-शेजारी दोन दिसले तर आडवी चूक आहे. एकावर एक दिसले तर उभी चूक आहे. उभ्या चुकीने फोकस फारसा बिघडत नाही, पण डोळा थकतो. मग भिंतीवर वर्तमानपत्र लावून टेपने बरोबर एक मीटर अंतर मोजायचे आणि लेन्सवरचा आकडा जुळतो का ते पाहायचे. लेन्स काढली की आत वरच्या बाजूला एक छोटे चाक दिसते, लेन्सच्या मागच्या कड्यावर तेच टेकलेले असते आणि तेच सगळी मोजणी पुढे पोचवते. त्याला बोट लावू नये आणि लेन्स बसवताना त्यावर आपटू नये.

आणखी एक. या कॅमेऱ्यांचे शटर कापडी असते आणि समोर आरसा नसतो. उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर बहिर्गोल भिंगाने कागद पेटावा तसे पडद्याला भोक पडते. उन्हात कॅमेरा गळ्यात असेल तर लेन्सवर झाकण ठेवावे. ते काढायला विसरण्याची भीती मात्र असते, कारण खिडकीतून झाकण दिसत नाही.

---

लानकाठी

चंद्राची युक्ती मी आजपासून वापरणार. एमपीमध्ये प्रकाश मोजण्यासाठी शटरच्या पहिल्या पडद्यावर १२ मिलिमीटरचा एक पांढरा ठिपका असतो आणि त्यावरून परतलेला उजेड मोजला जातो. त्यामुळे झाकण तसेच राहिले तर आतला लाल बाण उजेड अजिबात नाही असे दाखवतो. एवढी सूचना मला पुरते, फक्त बाणाकडे पाहण्याची सवय हवी.

---

बंदरावरचा

एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या परिचयात एक जण 'आ ला कार्त' एमपी विकत आहेत. वर्धन ०.५८ आहे, लाल कातडे आहे आणि झाकणावर मूळ मालकाची अद्याक्षरे कोरली आहेत. मी चष्मा लावतो आणि माझ्याकडे २८ आणि ३५ अशा दोन लेन्स आहेत. घ्यावा का?

---

लानकाठी

तुमच्या लेन्स आणि तुमचा चष्मा पाहता ०.५८ तुम्हाला माझ्या ०.८५ पेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल. २८ ची पूर्ण चौकट चष्म्यातून ज्यात दिसण्याची आशा धरता येते असा तिन्हींतला हाच एक आहे. पाया ४० मिलिमीटरचा असला तरी २८ आणि ३५ ला तो पुरेसा आहे. पुढेमागे ५० ची लेन्स घेतलीत तर १.२५ चे भिंग लावून ०.७२ च्या आसपास पोचता येईल. ७५ किंवा ९० ची लेन्स उघडी ठेवून वापरण्याचा विचार असेल तर मात्र हा कॅमेरा घेऊ नये.

अद्याक्षरे दुसऱ्याची असल्यामुळे किंमत कमी करून मागायला हरकत नाही. लाल कातडे सोलून नवे काळे आवरण लावता येते, आणि तुम्हीच वर लिहिलेत त्याप्रमाणे रत्नागिरीच्या पावसात ते आज ना उद्या करावेच लागेल. पैसे देण्यापूर्वी लेन्स काढून पडद्याला टाचणीएवढे भोक नाही ना ते उजेडासमोर धरून पाहा, एक सेकंदाचा वेग पूर्ण सेकंद चालतो का ते कान देऊन ऐका, आणि शक्य असेल तर सौदा पौर्णिमेच्या जवळपास ठेवा, म्हणजे अंधारखोली यांनी सांगितलेली तपासणी तिथेच करता येईल.

---

बंदरावरचा

काल संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन पाहिला. चंद्र एकच दिसला. चष्म्यातून २८ च्या चौकटीचे चारही कोपरे दिसले, त्यासाठी डोळा किंचित हलवावा लागला एवढेच. पडदे स्वच्छ आहेत. एक सेकंदाचा वेग थोडा रेंगाळतो आहे, तेवढे तेल-पाणी करून घ्यावे लागेल. कॅमेरा घेतला. अद्याक्षरे तशीच ठेवणार आहे.